वेगळा खुंटा

कुंडलिकने काठीला बांधलेला बोळा कावेच्या बादलीत बुडवला, थोडा निथळू दिला आणि बिळ्याच्या पुठ्ठ्यावर आडवा पट्टा ओढला. पांढऱ्या अंगावर तांबडा रंग लगेच उठला. एक ओघळ मांडीवरून खाली उतरला. बैलाची कातडी थरथरली. पाय मात्र त्याने उचलला नाही.

"ह्याला कशाला?" निंगव्वा पुढे आली. तिच्या हातात अजून खराटा होता. "ह्याला काय झालंय?"

"काय झालंय ते तुमीच बघा की." कुंडलिकने काठीचं दुसरं टोक बैलाच्या बरगड्यांवरून फिरवलं. फाटकाच्या गजांवरून फिरवावं तसं ते अडखळत गेलं. "सकाळी साहेब येणार हायत. वाळलेली जनावरं नाल्यापलीकडं न्यायचा हुकूम हाय. बार्शीच्या अंगाला बुळकांडी उठलीय म्हणत्यात. एकाला लागली, की अख्खी दावण जाईल."

"ताप न्हाई. शेण घट्ट हाय. डोळ्याला पाणी न्हाई. रोग कुटनं आला?"

"मग खाल्लेलं जातंय कुटं?" कुंडलिक गुरांच्या छावणीचा स्टॉकमन होता, डॉक्टरांचा मदतनीस. माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून प्रत्येक दावणीला हेच बोलून त्याचा घसा बसला होता. "दोघांस्नी सारखंच उसाचं वाढं पडतं. एका दावणीला, एका टायमाला. ह्या शेजारच्या केंच्याच्या अंगाला लागतंय आणि ह्याच्या लागत न्हाई. म्हंजे आत काय तरी हाय."

कुंडलिक बादली उचलून पुढच्या दावणीकडे गेला.

त्र्याहत्तरचा शिमगा सरला होता. छावणी अक्कलकोट रस्त्याच्या माळावर होती. वारा इकडचा असला तर सोलापुरातल्या गिरण्यांचा भोंगा ऐकू यायचा. गावची विहीर आटल्यावर निंगव्वा दोन बैल आणि सून घेऊन इथे आली होती. मुलगा शिवपुत्र तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आठवड्याने एकदा येऊन जायचा. छावणीच्या खालच्या अंगाला कोरडा नाला होता आणि नाल्यापलीकडे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आत आजारी जनावरं. तिकडे उसाचं वाढं जात नसे, बुरसलेला कडबा जाई. तिकडे गेलेलं जनावर परत आलेलं निंगव्वाने पाहिलं नव्हतं. सकाळी कुंपणाजवळ कातडी नेणारी गाडी उभी असायची. ती दिसू नये म्हणून बायका पाण्याला वरच्या वाटेने जायच्या.

एक बैल गेला तर दुसऱ्याचा काय उपयोग? उद्या पाऊस पडलाच, तर कुळवाला जोडी लागते.

"अत्ती, पाणी आणू?" पालाच्या तोंडाशी सून शरणम्मा घागर घेऊन उभी होती. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि त्यातले बरेच महिने ह्या पोत्याच्या पालात गेले होते. ती फार बोलायची नाही. तिला काम सांगावं लागत नसे, त्यामुळे निंगव्वालाही तिच्याशी बोलायला निमित्त पडत नसे.

"मीच जाते," निंगव्वा म्हणाली. तिला एका जागी थांबवत नव्हतं.

हौदाच्या खालच्या बाजूला, सांडलेल्या पाण्याने माती ओली राहायची तिथे, हिरोळी मास्तर उकिडवे बसले होते. बसलिंगप्पा हिरोळी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पोरांना घेऊन दुष्काळाच्या सेवेला आले होते. परीक्षा जवळ आली तशी पोरं परत गेली, मास्तर मात्र सायकलवरून रोज येत राहिले. पाण्याच्या रांगेत भांडणं होऊ द्यायची नाहीत, एवढंच त्यांच्याकडे काम होतं. आणि भांडण झालं की ते बाजूला होत, असं बायका म्हणायच्या. उरलेला वेळ ते ह्या ओलीत काय करतात, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

निंगव्वाला आज दिसलं. मास्तरांच्या एका हाताच्या चिमटीत शेणकिडा होता आणि दुसऱ्या हातात आगकाडी. काडीच्या टोकाने ते किड्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत होते.

तिने घागर खाली ठेवली.

"ह्यास्नी बी नाल्यापलीकडं न्यायचं काय?"

मास्तर दचकले. "नाही, नाही, अव्वा. हे आपलं ओळखायला."

"किड्याला वळकून काय करायचं?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. हसणारं कुणी जवळ नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "बसा. दाखवतो."

ती बसली नाही, पण निघूनही गेली नाही. ओल्या मातीवर दोन-तीन शेणकिडे आपापल्या गोळ्या ढकलत होते, डोकं खाली आणि मागचे पाय गोळीवर. मास्तरांनी गवताची काडी घेतली आणि पिवळा ठिपका असलेल्याच्या गोळीला हलकेच टेकवली. किड्याने पाय पोटाशी ओढले आणि तो मेल्यासारखा उताणा पडला. जरा वेळाने एक बिनठिपक्याचा आला, त्याची गोळी ढकलत घेऊन गेला. पिवळा तसाच पडून होता.

"आता हा." मास्तरांनी पांढऱ्या ठिपक्याच्या गोळीत काडी खुपसली आणि वर उचलली. गोळीबरोबर किडाही वर आला. सहाही पायांनी त्याने गोळी धरून ठेवली होती.

"ज्याला भूक जास्ती, तो धरून बसतो," निंगव्वा म्हणाली. "आज ह्याला आसंल, उद्या त्याला."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण मी रोज बघतोय. हा पिवळा रोज सोडून देतो. धक्का लागायला नको, नुसतं कुणी जवळ आलं तरी पुरतं. आणि पांढरा रोज भांडतो. जात एक, शेण एक." मास्तरांचा आवाज बोलताबोलता वाढला होता, तो त्यांनी खाली आणला. "आमच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, शेकड्यांनी धरा आणि सरासरी काढा, एकेका किड्याचं काय घेऊन बसलात? पण सरासरी काढली, की हा पिवळा दिसतच नाही, अव्वा."

"मग तो खातो काय?"

मास्तर त्या उताण्या किड्याकडे बघत राहिले. "ते अजून मला कळलेलं नाही," ते म्हणाले.

निंगव्वाने घागर भरली आणि चुंबळीवर चढवली. वाटेने तिला राग येत होता. इथे माणसं मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकरी गिळतायत, आणि हा शिकलेला माणूस किड्यांना रंग देत बसलाय. निम्म्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की आपण खालच्या वाटेने आलोय. नाल्यापलीकडची गाडी समोरच उभी होती. रिकामी होती. तिने मान फिरवली आणि पाय उचलला.

श्रीपूरच्या साखर कारखान्याकडून वाढ्याचा ट्रक दुपारी आला. रोज ह्या वेळी निंगव्वा आपल्या बैलांपुढे वाढं पडलं, की दुष्काळी मदतीच्या सुकडीच्या रांगेला जायची, संध्याकाळी सरपणाला. रांग मोठी असायची. परत येईपर्यंत दावणीत चिपाडही उरलेलं नसायचं आणि तिला बरं वाटायचं. आज ती गेली नाही. खराटा मांडीवर घेऊन दावणीपासून लांब, सावलीच्या तुकड्यात बसून राहिली. आज तिला बिळ्याला डोळे भरून बघून घ्यायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं.

दोन्ही बैलांनी वाढ्यात तोंड घातलं. केंच्या मोठ्या घासांनी खात होता. तांबूस, भरल्या खांद्याचा. तो तान्हा असताना त्याची आई मेली होती आणि निंगव्वाने त्याला दुधात भिजवलेली चिंधी चोखवून वाढवला होता. आपल्यापुढचं वाढं निम्मं झालं न झालं, तोच त्याने मान वळवली. त्याने शिंग लावलं नाही, ढुसणीही दिली नाही. नुसतं नाक बिळ्याच्या वाढ्याजवळ नेलं आणि फुंकर सोडली.

बिळ्याने तोंड वर केलं. तोंडात असलेलं पान तसंच लोंबत राहिलं. मग तो दावं ताठ होईपर्यंत मागे सरकला आणि तिथे उभा राहिला, शेपटी हलवत, दुसरीकडे बघत.

केंच्याने त्याचंही वाढं संपवलं. मग स्वतःच्या उरलेल्याकडे वळला.

निंगव्वा उठली.

"शरणे!"

शरणम्मा पालातून बाहेर आली.

"हे रोज आसंच?"

शरणम्माने दावणीकडे बघितलं. "व्हय."

"आणि तू बघत बसतीस?"

"मी केंच्याला हाकलते. पण मी तितं उभी ऱ्हायले, की बिळ्या खात न्हाई. मी सरले, की केंच्या परत येतो."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

शरणम्माने पदर सारखा केला. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "केंच्याला तुमी हातावर वाढवलाय."

निंगव्वाने पायात चपला सरकवल्या आणि ती कुंडलिकला शोधायला निघाली.

तो ट्रकजवळ होता. तिचं सगळं ऐकून न घेताच त्याने मान हलवली. "बैल भितो म्हणून वाळलाय? साहेबांना हे सांगू? निंगव्वा, हितं परत्येक जण काय तरी सांगतोय. कुणाच्या म्हशीला नजर लागलीय, कुणाच्या गाईला पिशाच."

"मला वेगळा खुंटा दे. एक दिस."

"दावणीबाहेर खुंटा रोवायचा न्हाई. ट्रक कुटनं फिरवायचा?"

मग तिने जे केलं, ते एरवी केलं नसतं. ती हौदाकडे गेली आणि मास्तरांना उठवून घेऊन आली. "तुमी मला सांगितलं, ते ह्याला सांगा," ती म्हणाली.

"अव्वा, मी गुरांचा डॉक्टर नाही," मास्तर चालता चालता पुन्हा पुन्हा म्हणत होते. कुंडलिकपुढे आल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. "असं असू शकतं," त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे, एकाच जातीतले असले तरी काही जण स्वभावाने..."

"मास्तर, तुमी भुंग्यांचं बघा," कुंडलिक म्हणाला.

ट्रकवरचे दोघे-तिघे हसले. मास्तरही थोडं हसले. मग एक पाऊल मागे सरले, आणि आणखी एक. निंगव्वाने ते बघितलं.

ती परत आली. पालाची एक मेख तिने उपटली आणि दावणीपासून लांब, बोरीच्या झुडपापलीकडे दगडाने ठोकायला लागली. माळाची जमीन, मेख आत जाईना. आजूबाजूच्या पालांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, कुंडलिक बघंल. कुणीतरी म्हणालं, उद्या जाणारच हाय तर आज कशाला कष्ट. तिचा अंगठा ठेचला. ती ठोकत राहिली.

कुणीतरी तिच्या बाजूला जड काहीतरी टेकवलं. लोखंडी पहार होती, टँकरच्या शेडमधली. मास्तर धापा टाकत उभे होते. त्यांनी भोक पाडायला सुरुवात केली. त्यांना पहार नीट धरता येत नव्हती, पण भोक पडलं.

संध्याकाळचं वाढं येईपर्यंत ऊन तांबूस झालं होतं. निंगव्वाने बिळ्याला नव्या खुंट्याला बांधलं, त्याच्या वाट्याचं वाढं त्याच्यापुढे टाकलं आणि त्याच्या तोंडाशी बसली. जनावरांशी ती कानडीतच बोलायची; खा रे बाबा, खा, म्हणून विनवू लागली.

"तिन्नो, नन्नप्पा. तिन्नो."

बिळ्याने वाढं हुंगलं. मान वर केली. झुडपापलीकडे केंच्याच्या दिशेने बघितलं आणि मग जमलेल्या माणसांकडे. त्याने खाल्लं नाही.

निंगव्वाने एक पान उचलून त्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड फिरवलं. म्हणजे कुंडलिकचंच खरं. म्हणजे आत काहीतरी आहेच, आणि आपण सगळ्या छावणीपुढे हसं करून घेतलं. कुंडलिक येताना दिसत होता. त्याच्या हातात काठी नव्हती, पण तो भरभर येत होता.

"अत्ती." शरणम्मा मागे येऊन उभी होती. ती इतक्या हळू बोलली, की निंगव्वाला वळावं लागलं. "तुमी बी सरा. त्याच्याकडं कुणीच बघू नका."

"मी त्याची मालकीण हाय."

"व्हय. तरीबी."

शरणम्माने पालावरचं एक पोतं काढलं आणि बोरीच्या फांद्यांवर टाकून केंच्याच्या बाजूने आडोसा केला. मग माणसांकडे वळली. त्या मुलीने छावणीत कुणाला काही सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणूनच की काय, तिने हात जोडल्यावर माणसं गेली. मास्तर आधीच गेले होते. कुंडलिक पोहोचला तेव्हा सासू-सून जमिनीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या, बैलाकडे पाठ करून.

"हे काय चाललंय?"

निंगव्वाने ओठांवर बोट ठेवलं.

कुंडलिक थांबला. गिरणीचा भोंगा झाला. मग त्यांच्या पाठीमागे एक पान मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. मग सलग करकर सुरू झाली, आधी सावकाश, पुढे घाईघाईने. मधेच थांबायची आणि परत सुरू व्हायची. तिने वळून बघितलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिने पुसलं नाही, कारण हात हलवावा लागला असता.

वाढं संपलं, तेव्हा कुंडलिकने स्वतः जाऊन आणखी एक पेंढी आणली आणि लांबूनच टाकली. ती पडली तिथे बिळ्या मान लांबवत पोहोचला.

"रोगट जनावर आसं खात न्हाई," कुंडलिक स्वतःशीच म्हणाला. त्याने खांद्यावरचं फडकं घागरीत भिजवलं आणि बैलाचं पोट भरल्यावर पुठ्ठ्यावरचा पट्टा घासला. काव पूर्ण निघाली नाही, गुलाबी डाग राहिला. "वेगळा बांधून बघतोय, म्हणून सांगतो साहेबांना. पण ही पेंढी आजच्यापुरती. जास्तीचं वाढं मिळायचं न्हाई."

"जास्तीचं नकोच," निंगव्वा म्हणाली. "त्याचं त्याला मिळू दे."

दिवेलागणीच्या आधी शिवपुत्र आला. तलावावरून चालत आला होता; पायांवर गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ. बिळ्याची गोष्ट ऐकून तो खूप हसला, जाऊन बैलाच्या मानेखाली खाजवून आला आणि पालात जेवायला बसला. निंगव्वाही त्याच्या शेजारी बसली. रोज अशीच बसायची. मुलगा असला तर दोघांनी आधी, नसला तर तिने एकटीने. सून मागाहून.

शरणम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. मिलोचं पीठ, चिकटपणा नाही. कडा फाटायच्या, त्या ती बोटांनी जुळवायची. निंगव्वा तिच्या हातांकडे बघत होती. हात वर झाला, तशी काचेची बांगडी मनगटावरून सुटली आणि थेट कोपरापर्यंत गेली. हात खाली आला, बांगडी खाली आली. ह्याच बांगड्या भरताना कासाराला तेल लावून हात दाबावा लागला होता. निंगव्वा समोरच बसली होती तेव्हा.

शरणम्माने भाजलेली भाकरी नवऱ्याच्या ताटात टाकली. दुसरी सासूच्या ताटात. शिवपुत्रची संपत आली, तशी तिसरी तिने अर्धी मोडून परत त्याच्याच ताटात सरकवली. तो बोलत होता. तलावावरच्या मुकादमाची नक्कल करत होता. त्याने ती न बघता उचलली.

"शरणे," निंगव्वा म्हणाली. "तू कवा जेवतीस?"

"तुमच्या मागनं."

"काय जेवतीस?"

शरणम्माने तव्यावरची भाकरी उलटली.

निंगव्वाने आपल्या ताटातली भाकरी उचलली. मुलाच्या हातातला अर्धा तुकडाही काढून घेतला. दुरडीत होती ती बाहेर काढली. सगळ्या एका ताटात ठेवून तिने ते चुलीच्या बाजूला सुनेपुढे सरकवलं, वर चटणीचा गोळा ठेवला.

"खा."

शरणम्मा ताटाकडे बघत राहिली. मग सासूकडे. मग नवऱ्याकडे. तिचे हात पिठातच होते. ती किंचित मागे सरली. पाठ पालाच्या पोत्याला टेकली.

शिवपुत्र हसायला लागला. "काय ग, आई, हे काय? माझं जेवण व्हायचंय आजून."

"व्हईल. ऊठ."

"आगं पण..."

"भाईर चल म्हणते ना."

तिने त्याला दंडाला धरून उठवलं. दोघं बाहेर आले. निंगव्वा पालाकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि त्यालाही तसंच बसवलं. समोर माळावर धुराचे पट्टे उतरत होते, दावणीतून घुंगरांचे तुरळक आवाज येत होते. शिवपुत्र हळू आवाजात काय झालं ते विचारत होता. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. तो गप्प झाला.

तिने कान दिला. चुलीत काटकी तडकली. मग काहीच नाही. वाढ्याचा आवाज येतो. भाकरीचा आवाज येत नाही, हे तिच्या आता लक्षात आलं.

बऱ्याच वेळाने आत ताट हललं. पुढे ओढलं, की बाजूला सारलं, ते कळत नव्हतं. निंगव्वाची मान अर्धी वळली. तशीच तिने ती परत माळाकडे फिरवली आणि बसून राहिली.